कबुतरे पोरगा उडवतो, खोकला आईला लागतो

बेलापूर असो की श्रीरामपूर, संध्याकाळी वस्तीतून मान वर केली की कुठल्या तरी पत्र्यावर शिट्टी ऐकू येते आणि वीस-पंचवीस कबुतरांचा थवा वळण घेताना दिसतो. चार फळ्या, थोडी जाळी, एखादे फुटके खोके एवढ्यावर ढाबळ उभी राहते. पोरगा दहावीत नापास झालेला असो की कॉलेजात जाणारा, त्याला आपला लक्का कोणता, गिरेबाज कोणता, कोणती जोडी अंड्यावर आहे हे तोंडपाठ असते. ज्वारी-बाजरी तोच टाकतो. पण ढाबळीखालचा ओटा, पत्र्यावरून पडलेली पिसे आणि वाळलेली घाण रोज सकाळी कोण झाडतो? बहुतेक घरांत आई, नाहीतर आजी. पदर नाकाला न लावता, वाकून, खराट्याने.

कबुतरापासून होणाऱ्या आजारांत सगळ्यात जास्त धोका याच कामात आहे. कबूतर हातात घेतल्याने जेवढा त्रास होतो त्याहून जास्त त्रास त्याची वाळलेली घाण कोरडी झाडल्याने होतो. म्हणून आजार पुष्कळदा कबुतरांचा शौक असलेल्याला न होता त्याच्या घरच्यांना होतो, आणि खोकणाऱ्या बाईच्या मनात कबुतराचा विचारही येत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. आपल्याच तालुक्यात हरेगावला ऑगस्ट २०२३ मध्ये शेळी आणि कबुतरे चोरल्याच्या संशयावरून चार दलित पोरांना झाडाला उलटे टांगून मारण्यात आले. ते इथला कोणीही विसरलेला नाही. कबुतरे पाळणाऱ्या पोराकडे वाकड्या नजरेने बघायला लावण्यासाठी हा लेख नाही. त्याच्या आणि त्याच्या आईच्या फुप्फुसांसाठी आहे.

धुळीत काय असते

कबूतर पंख फडफडवते तेव्हा उन्हात पांढरी भुकटी उडताना दिसते. ती मातीची धूळ नसते. कबुतराच्या पिसांवर मुळातच बारीक पूड असते, तिच्यामुळे पिसे पाण्यात भिजत नाहीत. काळा शर्ट घालून ढाबळीत शिरलात तर बाहेर येताना खांद्यावर ती दिसेल. या पुडीत आणि विष्ठेत कबुतराच्या शरीरातली प्रथिने असतात. विष्ठा वाळली की तिचाही भुगा होतो. हे कण इतके बारीक असतात की नाकातल्या केसांना आणि घशातल्या कफाला चुकवून थेट फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत पोचतात. मार्च ते जून आपल्याकडे सगळेच कोरडे आणि वारा सुटलेला, तेव्हा हा भुगा जास्त उडतो. पावसाळ्यात तो बसतो, पण ओल्या घाणीला बुरशी येते आणि दारे-खिडक्या बंद असतात.

माणसाला यातून दोन वेगवेगळ्या वाटांनी त्रास होतो. एका वाटेत कोणताच जंतू नसतो. शरीर त्या प्रथिनांवर चिडते आणि फुप्फुसाला आतून सूज येते. दुसऱ्या वाटेत बुरशी किंवा जीवाणू खरोखर शरीरात शिरतो. उपचार दोन्हींचे वेगळे आहेत, म्हणून फरक लक्षात ठेवायला हवा.

जंतू नसलेला आजार

पहिल्या आजाराला डॉक्टर हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. कबुतरे पाळणाऱ्यांमधला हा आजार १९६५ साली वैद्यकीय नियतकालिकात पहिल्यांदा नीट नोंदला गेला आणि तेव्हापासून जगभर त्याला कबूतरवाल्यांचे फुप्फुस अशाच अर्थाच्या नावाने ओळखतात. आपल्या साखर पट्ट्यातल्या लोकांना त्याचा एक भाऊबंद माहीत असायला हवा. कारखान्यावर साठवलेल्या, बुरशी धरलेल्या बगॅसच्या धुळीनेही अगदी असाच आजार होतो, आणि कुजलेला चारा हलवणाऱ्या शेतकऱ्यालाही. धूळ वेगळी, फुप्फुसात घडते ते एकच. ज्याच्या घरात कोणी कारखान्यावर बगॅसच्या कामाला आहे आणि पत्र्यावर ढाबळही आहे, त्याने हा लेख दोनदा वाचावा.

हा आजार दोन रूपांनी येतो. एक झटक्याचे रूप. रविवारची सुट्टी म्हणून सकाळी ढाबळ खरवडून काढली. दुपारपर्यंत काही नाही. चार ते आठ तासांनी, म्हणजे संध्याकाळी, अंग मोडून येते, हुडहुडी भरून ताप चढतो, कोरडा खोकला लागतो, छाती आवळल्यासारखी होते. दोन दिवसांत सगळे आपोआप ओसरते. माणूस म्हणतो, व्हायरल होते. मेडिकलमधून गोळ्या आणल्या, बरे वाटले. मग पंधरा दिवसांनी पुन्हा साफसफाई, पुन्हा तोच ताप. सकाळचे काम आणि रात्रीचा ताप यांत इतके अंतर असते की दोन्ही कोणी जोडतच नाही. असा ताप दुसऱ्यांदा आला की कॅलेंडरवर खूण करा. तिसऱ्या खेपेला तुम्हाला स्वतःलाच कळेल.

दुसरे रूप हळू आहे, आणि जास्त वाईट आहे. रोज थोडी थोडी धूळ वर्षानुवर्षे आत जाते. ताप नसतो. कोरडा खोकला असतो, तो जात नाही. आधी विहिरीवरून किंवा नळावरून हंडा आणताना दम लागतो, मग जिना चढताना, मग लुगडे नेसतानासुद्धा. वजन उतरते. काहींच्या बोटांची टोके फुगीर आणि नखे गोल होतात. तोपर्यंत फुप्फुसात व्रण पडून ते कडक झालेले असते आणि गेलेला भाग परत येत नाही. लवकर ओळखले तर धूळ बंद केल्यावर पुष्कळ माणसे सुधारतात. उशिरा ओळखले तर महागडी औषधे फक्त बिघाडाचा वेग कमी करतात, आणि शेवटी घरात ऑक्सिजनचे सिलिंडर येते.

सगळ्यांनाच हे होत नाही. एका घरात पाच माणसे तीच हवा घेतात आणि एकालाच आजार होतो, कारण प्रत्येकाच्या शरीराची चीड वेगळी. म्हणून "आमच्या बापजाद्यांनी कबुतरे पाळली, कोणाला काही झाले नाही" हे म्हणणे खरे असूनही उपयोगाचे नाही. हा आजार दुर्मिळ आहे असेही समजू नका. फुप्फुसाच्या जाळीत व्रण पाडणाऱ्या आजारांच्या १०८४ रुग्णांची भारतातील १९ शहरांमधल्या २७ केंद्रांवर नोंद करून २०१७ साली अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतल्या सुमारे ४७ टक्के रुग्णांना धुळीच्या चिडीचा हाच प्रकार होता. सगळ्यांचे कारण कबूतर नव्हते. बुरशी धरलेले कूलरही त्यात मोठ्या संख्येने होते. तेव्हा ढाबळीला लागून कूलर बसवला असेल तर दोन्ही संकटे एकाच खिडकीतून घरात येतात.

टी.बी. समजून गेलेले महिने

आता एक घर डोळ्यांपुढे आणा. पंचेचाळिशीची बाई, दोन महिने खोकला, वजन उतरलेले, एक्स-रेवर दोन्ही बाजूंना डाग. आपल्या भागात पहिला संशय टी.बी.चा येतो आणि तो यायलाच हवा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी करून घ्या, ती मोफत आहे. पण समजा थुंकीत काहीच सापडले नाही, खोकला कोरडाच आहे, थुंकी निघतच नाही, आणि नुसत्या एक्स-रेवरून सहा महिन्यांचा कोर्स सुरू झाला. गोळ्या संपल्या तरी दम तसाच. या सगळ्या काळात बाई रोज सकाळी ढाबळीखालचे झाडतेच आहे.

यात डॉक्टरची चूक आहे असे सरसकट म्हणता येत नाही. ओ.पी.डी.त शंभर माणसे रांगेत असतात. तंबाखू खाता का, चुलीवर स्वयंपाक करता का, हे विचारले जाते. कबुतरे पाळता का, हे क्वचित. ते न विचारता सांगणे आपल्या हातात आहे. केसपेपर लिहिताना एवढेच बोला: "डॉक्टर, आमच्या घरावर कबुतरे आहेत, इतक्या वर्षांपासून आहेत, आणि त्यांची घाण मी झाडते." घरात कबुतरे नसतील पण शेजारच्या पत्र्यावर असतील, किंवा खिडकीच्या वर रानकबुतरांनी घरटे केले असेल, तरी सांगा. पिसांची उशी-गादी असेल तर तेही सांगा. या एका वाक्याने तपासणीची दिशा बदलू शकते: छातीचा सी.टी. स्कॅन, फुंकर मारून फुप्फुसाची ताकद मोजणारी चाचणी, गरज पडल्यास रक्ताची चाचणी. यासाठी छातीविकार तज्ज्ञ लागतो. आपल्याला लोणीचे प्रवरा ग्रामीण रुग्णालय त्यातल्या त्यात जवळ आहे. जाताना जुने एक्स-रे सोबत न्या, फेकून देऊ नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते ते दाखल होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला विचारा.

हे वाचून कोणीही टी.बी.च्या चालू गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. टी.बी. असूनही कबुतराचा आजार असू शकतो. दोन्ही आजार एकाच छातीत राहतात. गोळ्या बंद करायच्या की नाही हे डॉक्टर ठरवतील. झाडणे मात्र त्याच दिवशी बंद करता येते.

जंतूंचे आजार

वाळलेल्या कबुतराच्या विष्ठेत क्रिप्टोकोकस नावाची बुरशी वाढते, हे १९५५ सालीच सिद्ध झाले आहे. कबूतर स्वतः आजारी दिसत नाही. निरोगी माणसाच्या छातीत ती बुरशी गेली तरी बहुतेक वेळा काही होत नाही. ज्याची प्रतिकारशक्ती कमी आहे त्याच्या मात्र ती मेंदूच्या आवरणापर्यंत जाते. आठवडा-दोन आठवडे न थांबणारी डोकेदुखी, ताप, उलट्या, उजेड सहन न होणे, मान आखडणे, वागण्यात फरक अशी तिची लक्षणे. उपचार आहेत, पण उशीर झाला तर माणूस दगावतो. एच.आय.व्ही. असलेल्या, ए.आर.टी.च्या गोळ्या घेणाऱ्या किंवा मधेच सोडलेल्या व्यक्तीने ढाबळीजवळ जाऊच नये. घरात असे कोणी असेल आणि ते त्यांनी कोणाला सांगितलेले नसेल, तर त्यांना कारण न विचारता या कामातून मोकळे ठेवा. किडनी बदललेले, कॅन्सरची औषधे चालू असलेले आणि दीर्घकाळ स्टिरॉइड घेणारे यांनाही हाच नियम.

सिटॅकोसिस हा पक्ष्यांपासून येणारा न्यूमोनिया आहे. पोपटांमुळे नाव पडले, पण कबुतरांतूनही येतो. जोराचा ताप, डोके फुटेल असे दुखणे, कोरडा खोकला. नेमकी प्रतिजैविके दिली की बरा होतो, फक्त पक्ष्यांचा उल्लेख डॉक्टरांसमोर व्हायला हवा. गरोदर बाईने ढाबळीपासून लांबच राहावे. साल्मोनेलामुळे जुलाब होतात, आणि त्याचा रस्ता हवेतून नसून हातातून, पाण्यातून आणि भांड्यांतून असतो. पत्र्यावरची पाण्याची टाकी उघडी असेल तर कबुतरे तिच्या काठावर बसून पाणी पितात आणि तिथेच घाण करतात. त्या टाकीला झाकण लावणे हे या लेखातले सगळ्यात स्वस्त काम आहे.

कोंबड्या पाळणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. कबुतराची मान वळत असेल, ते उलटे चालत असेल, हिरवी घाण टाकत असेल, तर ते मानमोडीच्या जातीच्या विषाणूचे लक्षण असू शकते आणि तो रोग देशी कोंबड्यांत जातो. कबुतरे आणि कोंबड्या एका खुराड्यात ठेवू नका, पाण्याची भांडी वेगळी ठेवा. पक्षी पटापट मरायला लागले तर हाताळू नका, कापून खाऊ नका, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला २००६ मध्ये बर्ड फ्लू आला तेव्हा काय झाले ते जुन्या लोकांना आठवत असेल. कबुतरांत तो क्वचित सापडतो, पण मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलायचा नाही.

लकवा आणि कबुतराचे रक्त

कबुतराच्या पंखांचा वारा लागला की लकवा बरा होतो, कबूतर कापून गरम रक्त चोळले की मेलेला हात हलतो, असे अजूनही लोक सांगतात. आपल्याही वस्त्यांत सांगतात, हे लपवण्यात अर्थ नाही. लकवा हा मेंदूची रक्तवाहिनी तुंबल्याने किंवा फुटल्याने होतो. हातावर बाहेरून चोळलेले रक्त मेंदूत जात नाही. काही माणसे पुढच्या आठवड्यांत थोडी सुधारतात, कारण मेंदू स्वतः काही भाग सावरतो. त्याचे श्रेय कबुतराला मिळते आणि गोष्ट पसरत जाते.

यात निष्पाप पक्षी जातो, पण त्याहून मोठी वस्तू जाते ती वेळ. गुठळीने लकवा झाला असेल तर ती विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. तोंड वाकडे झाले, एक हात उचलत नाही, बोलणे अडखळले, की घड्याळ बघा आणि १०८ ला फोन करा. त्या साडेचार तासांत ज्याच्या घरी कबूतर आहे त्याला शोधत फिरणारे नातेवाईक रुग्णाचा उरलेला हात-पाय घालवतात.

मुंबईत काय झाले

जुलै २०२५ मध्ये विधान परिषदेत मुंबईतल्या ५१ कबुतरखान्यांचा विषय निघाला आणि ते बंद करण्याचे ठरले. ऑगस्टच्या सुरुवातीला दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला, त्यावरून आंदोलन झाले, प्रकरण उच्च न्यायालयापुढे होतेच, सर्वोच्च न्यायालयातही गेले. टी.व्ही.वर दाणे टाकणाऱ्यांच्या श्रद्धेवर आणि पक्ष्यांच्या भुकेवर खूप बोलले गेले. जो माणूस तिथली विष्ठा रोज झाडूने गोळा करतो त्याला कोणी कॅमेऱ्यापुढे आणलेले मला दिसले नाही. दाणे टाकणारा पाच मिनिटांत पुण्य घेऊन घरी जातो, झाडणारा आठ तास तिथेच असतो. तो झाडणारा कोणत्या समाजातला असतो हे या मासिकाच्या वाचकाला सांगायला नको. नगरपालिकेत, सोसायटीत, गोदामात किंवा रेल्वेच्या शेडमध्ये सफाईचे काम करणाऱ्या आपल्या माणसांनी चांगला मास्क, हातमोजे आणि आधी पाणी मारण्याची सोय ठेकेदाराकडे मागून घ्यावी. तो उपकार नाही.

ढाबळ साफ कशी करायची

कोरडे झाडायचे नाही, हा पहिला नियम. घरातले लहान मूल, म्हातारी माणसे आणि खोकणारी व्यक्ती बाहेर गेल्यावर काम सुरू करा. पंखा, कूलर बंद. नाकावर रुमाल किंवा पदर पुरत नाही, बारीक धूळ कापडातून सहज जाते. मेडिकलमध्ये मिळणारा एन-९५ मास्क घ्या, नाकावर घट्ट बसवा. हातमोजे नसतील तर हातात प्लास्टिकच्या पिशव्या बांधा. साबणाचे पाणी फवारा किंवा हळू शिंपडा, जोराची धार मारू नका, तिनेही कण उडतात. दहा-पंधरा मिनिटे मुरू द्या. मग खुरप्याने खरवडून ओलीच पिशवीत भरा, तोंड बांधा, खड्ड्यात पुरा. ही घाण खत म्हणून फार जोरदार असते. इराणमध्ये इस्फहानच्या आसपास तर केवळ खतासाठी कबुतरांचे मोठमोठे बुरूज बांधले होते. पण आपल्या परसबागेत ती कोरडी भुरभुरू नका, ओली करून शेणखतात कुजवा.

घाण पूर्ण निघाल्यावरच, बादलीभर पाण्यात मूठभर ब्लिचिंग पावडर टाकून फळ्या पुसा. आधी नाही. साचलेल्या विष्ठेत अमोनिया असतो, त्यावर ब्लिचिंग पडले की डोळे आणि छाती जाळणारा वायू निघतो. संडास धुण्याचे अॅसिडही त्यात कधीच मिसळू नका. शेवटी हात-तोंड साबणाने धुवा, कपडे तिथेच बदला, घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुवा.

हे काम आठवड्यातून दोनदा केले तर घाण वाळून भुगा होण्याची वेळच येत नाही. महिन्यातून एकदा केलेली मोठी सफाई उलट जास्त धोक्याची. आणि हे काम ज्याची कबुतरे त्याने करावे. आईने नाही, बहिणीने तर नाहीच.

ढाबळ झोपायच्या खोलीला, चुलीला, पाण्याच्या पिंपाला किंवा कूलरला लागून नको. दोन घरांच्या मधल्या बोळात तर मुळीच नको, तिथे वाराच फिरत नाही आणि शेजाऱ्याचीही छाती जाते. दहा बाय दहाच्या खोलीत रात्री थंडी वाजते म्हणून पिल्ले खाटेखाली घेणारी पोरे आहेत, ते आजपासून बंद. पक्षी जेवढे कमी तेवढी भुकटी कमी, चाळीसऐवजी आठ पुरतात. नवी जोडी आणली तर महिनाभर वेगळी ठेवा.

ज्याला एकदा हा आजार ठरला त्याच्यासाठी यातले काही पुरेसे नाही. मास्क लावून, ढाबळ लांब नेऊन भागत नाही, त्या घरातून कबुतरे जायला हवीत. ती कापून किंवा विष घालून नव्हे, पहिले शील रोज म्हणणाऱ्यांना ते सांगावे लागू नये. ज्याच्याकडे मोकळी जागा आहे अशा दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या, लांबच्या गावचा असला तर बरे, कारण जवळ दिलेली कबुतरे संध्याकाळी त्याच पत्र्यावर परत येऊन बसतात. ती गेल्यावरही भिंतींत, पत्र्याच्या पन्हाळीत आणि गोधड्यांत त्यांची धूळ महिनोन्महिने राहते. गोधड्या धुवा, भिंती ओल्या फडक्याने पुसून चुना द्या. आणि पोराला त्या दिवशी टोमणे मारू नका. त्याने ती पिल्लापासून वाढवलेली असतात.

विहाराचे पत्रे

पुष्कळ विहारांच्या आणि समाजमंदिरांच्या छताखाली, कैच्यांवर रानकबुतरे बसतात. वर्षभर खाली घाण साचते आणि आषाढ पौर्णिमेला वर्षावासाचे ग्रंथवाचन सुरू होणार म्हणून आदल्या दिवशी महिला मंडळ एकत्र येऊन सगळे कोरडे झाडून काढते. धुळीचा लोट उठतो, त्यात लहान मुलेही खेळत असतात. यंदा हे काम आठ दिवस आधी, ओले करून, चार तरुणांनी मास्क लावून करावे. कैच्यांच्या मोकळ्या जागांना घरटे रिकामे असताना जाळी लावून घ्यावी. घरट्यात अंडी किंवा पिल्ले असतील तर साधारण दीड महिन्यात ती उडून जातात, तेवढे थांबावे, आणि मग त्याच आठवड्यात जाळी ठोकावी, नाहीतर तीच जोडी पुन्हा अंडी घालते.